आन्स सेरीझची दोनशे बारा नावं

आमच्या बेटाच्या राजधानीत, कास्ट्रीजच्या सरकारी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी युलाली हिपोलिट बसते. लोक सरकारबद्दल काय बोलतात ते वाचायचं आणि दर सोमवारी एका कागदावर मंत्रिमंडळाला कळवायचं, हे तिचं काम. पूर्वी लोक रेडिओवर फोन करून बोलत, तेव्हा ती ऐकून लिहून घेई. आता फेसबुकवर बोलतात, म्हणून वाचते. सत्तावीस वर्षं झाली.

बाजारात तिला तोंडावर "सरकारची चहाडखोर" म्हणणारे आहेत. "चहाडी माणसाची करतात," ती सुरण निवडता निवडता म्हणते, "मी गावाचं म्हणणं सांगते." आणि ते खरं आहे. कोण बोललं हे तिच्या कागदावर कधीच नसतं. दोन मंत्र्यांनी नावं मागितली, एक तर घरी येऊन कोको टी पिऊन गेला. कोको टी मिळाला, नावं नाहीत. पुढे पुढे तिने नजरेलाच वळण लावलं. नाव ओलांडून ती थेट मजकुरावर जाई.

यंदा मे महिन्यात दोन गावांत मिळून एकच नर्स उरली. मॉर्न टाबा आणि आन्स सेरीझ यांपैकी एका गावाचं आरोग्य केंद्र बंद करायचं होतं. कोणतं, ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरणार होतं. कचेरीचे नवे साहेब मिस्टर डेलमार यांनी एक प्रोग्राम आणला होता. लोकांच्या पोस्ट वाचून तो नकाशावर गावं रंगवी. मॉर्न टाबा लालभडक झालं, आन्स सेरीझ हिरवंगार. म्हणजे सेरीझची कुरकुर नाही, तिथलं केंद्र गेलं तरी चालेल.

मॉर्न टाबा हे युलालीचं माहेर. गाव रोझवाल्यांचं. आमच्या बेटावर माणूस गाण्याच्या दोन मंडळांपैकी एकात जन्मतो, रोझच्या नाहीतर मार्गरीटच्या. रोझवाले ढोल बडवून गातात आणि भांडतातही तसेच. मार्गरीटवाले ओळीत उभे राहून, हळू. सेरीझ त्यांचं.

शुक्रवारी, सहा जूनला, दुपारी अडीच वाजता युलालीने सेरीझचं पान पुन्हा उघडलं. नर्स जाणार असल्याची पोस्ट तीन आठवड्यांपूर्वीची. खाली दोनशे बारा प्रतिक्रिया, आणि मजकूर काहीच नाही. तीन आठवडे तिने ती पोस्ट रिकामी म्हणून सोडली होती. दोनशे बारा माणसं काहीच न लिहिता कशी लिहितील? तिने चष्मा पुसला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नावं वाचली. प्रत्येकाने आपलं नावच तेवढं टाइप केलं होतं. मारी-आंज पोलियस. खाली कथबर्ट पोलियस. खाली त्यांची सून.

तिला सासू आठवली. सासू सेरीझची. त्यांच्या मंडळात गाऱ्हाणं असलं की कुणी आवाज चढवत नाही. उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, बसायचं. किती जण उभे राहिले, तेच गाऱ्हाणं. आणि त्या गावात मोठी माणसं जेमतेम अडीचशे.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली.

"मिस युलाली, नाव म्हणजे मत नव्हे," डेलमार म्हणाले. "प्रोग्रामने ती वगळली."

"मीही वगळली, साहेब. प्रोग्रामला निदान सासू नव्हती."

"आणि मॉर्न टाबा? ते तर पेटलंय!"

"ते माझं माहेर. बस पाच मिनिटं उशिरा आली तरी पेटतं. पण वीस मिनिटांत शहरातल्या हॉस्पिटलात पोचतं. सेरीझहून दोन बसगाड्या आणि मधे डोंगर."

साहेबांनी नकाशावर सेरीझहून शहरापर्यंतचा रस्ता बोटाने मोजला. "बरं. मग ती यादी जोडा."

"आकडा देते. यादी नाही."

"अहो, ती नावं सगळ्या जगाला दिसतात!"

"ज्याला बघायची त्याने त्यांच्या पानावर जावं आणि टोपी काढून बघावीत."

सोमवारच्या कागदावर तिने आकडा लिहिला, रीत लिहिली, आणि शेवटी लिहिलं की हे तीन आठवडे लक्षात न येणं ही माझी चूक आहे. त्या कागदावर सही करायची पद्धत नाही. तिने केली.

सेरीझचं केंद्र राहिलं, मॉर्न टाबाचं गेलं. आरोग्यमंत्र्यांनी रेडिओवर कारण सांगितलं, "आमच्या मिस हिपोलिट यांनी दाखवून दिलं" असं म्हणून. संध्याकाळी थोरल्या बहिणीचा, तेओदोराचा, फोन.

"लाली! स्वतःच्या गावची नर्स उचलून मार्गरीटवाल्यांना दिलीस? आई असती तर उलथन्याने बडवलं असतं."

"बडवलं असतं खरं."

"माझं ब्लडप्रेशर आता कोण बघणार?"

"वीस मिनिटं बसमध्ये बस. तेवढंच भांडायलाही मिळेल."



"भांडलेच आज बसमध्ये," तेओदोरा म्हणाली. "एक बाई म्हणते, कचेरीतल्या कुठल्याशा बाईने गाव विकलं. म्हटलं, कुठलीशी काय, माझी सख्खी बहीण आहे ती! आपल्याविरुद्ध असलं तरी खरंच लिहिते. आहे का तुझ्या घराण्यात कुणी असं?"

"मग?"

"मग काय! अर्धी बस तिच्या बाजूने, अर्धी माझ्या. भांडता भांडता उतरायचा थांबा गेला. एवढ्या उन्हात चढ चढून आले. पण त्या बाईला उत्तर सुचलं नाही हं, लाली."