गच्चीवरच्या चार खाटा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर नुसते वाचत आले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतही आले. आमच्या घरात भूत-प्रेत, अंगारे-धुपारे हा विषयच नव्हता. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की बाबा आम्हाला विज्ञानाच्या गोष्टी सांगायचे. कोणी झपाटल्याचं बोललं की त्यांचा एकच प्रश्न, "तू पाह्यलं का स्वतः?" त्यामुळे हे लिहायला मला जड जातंय... कारण हे मी स्वतः पाहिलंय. दिवसाढवळ्या, नागपुरातल्या आमच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये, कूलरसमोर बसून.

आधी गेमबद्दल सांगते. मी लहान असताना बाबांनी टीव्हीला जोडायचा, कॅसेट टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. विटांवर उड्या मारत, नाणी गोळा करत पळणारा तो छोटा माणूस तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. बाबांनी त्याचं नाव ठेवलं होतं बंडू. "पिंके, तुया बंडू खड्ड्यात जाऊन राहिला वं!" असं ओरडत ते ऑफिसचे कपडेसुद्धा न बदलता माझ्या शेजारी बसायचे. बंडू उडी मारायचा तेव्हा बाबांचे खांदेही वर जायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "लेकरू कोनतं अन् बाप कोनता, काही समजून नाही राहिलं." पण तिनं स्वतः कधी गेमचा रिमोट हातात घेतला नाही.

आता मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. लॉकडाऊनमध्ये मला समजलं की तो जुना गेम लॅपटॉपवर उघडून त्याच्या लेव्हल बदलता येतात. एक एडिटर असतो, त्यात चौकटी-चौकटींचा कागद असल्यासारखं दिसतं. कुठं वीट, कुठं खड्डा, कुठं नाणं ते आपण ठरवायचं. नकाशे काढणाऱ्या बाईला आणखी काय हवं? मी वेडी झाले. एकामागून एक लेव्हल बनवत सुटले.

बाबा गेल्यावर आम्ही नागपुरातलंच इंदोऱ्याचं जुनं घर विकलं आणि आई माझ्याकडे राहायला आली. आली आणि गप्पच झाली. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची ती जेवायला हाक मारेपर्यंत. "काय पाहतेस गं आई?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही. गाड्या." जेवण निम्मं ताटात. डॉक्टर म्हणाले, शरीराचा काही आजार नाही, त्यांना बोलतं ठेवा. पण ज्या माणसाशी ती बोलायची तोच नव्हता...

म्हणून मी ठरवलं, आपलं घर बनवायचं. इंदोऱ्याचं. फाटक, पायऱ्या, दारातली सिमेंटची टाकी, पेरूचं झाड, शेजारच्यांची भिंत... सगळं विटा आणि झुडपांतून उभं केलं. गच्ची मात्र बनवली नाही. त्या गेममध्ये पडदा फक्त पुढं सरकतो, वर जायची सोयच नाही. छत आलं की वर संपलं.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारी आईला लॅपटॉपसमोर बसवलं.

"हे कोनाचं घर हाय, ओळख."

ती चष्मा सावरून वाकली. मग म्हणाली, "अव माय... आपली टाकी!"

कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात जीव ऐकला मी. तिच्या हातात लॅपटॉपला जोडलेला रिमोट दिला, बटणं दाखवली. बंडू भिंतीला धडकला, झाडात अडकला, मीही हसले, तीही हसली. मग ती त्याला टाकीवर घेऊन गेली आणि तिथून वरच्या दिशेनं उड्या मारायला लागली.

"आई, पुढं जा ना. वर काही नाही. वर मी काही बनवलंच नाही."

"काहून नाही? गच्ची हाय ना," ती म्हणाली.

आणि पडदा वर सरकला.

मी शपथेवर सांगते, तो वर सरकला. खाली मी दिलेलं दिवसाचं ऊन होतं, वर रात्रीचं गडद निळं आकाश. बंडू एका लांब सपाट जागेवर उभा होता. समोर विटांच्या आडव्या रांगा... दोन मोठ्या, बाजूला एक लहान. आणि त्या दोन मोठ्यांच्या मधोमध एकच वीट, तिच्यावर गोल फिरणारं एक नाणं.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, नागपुरात तेव्हा सगळेच झोपायचे. आई स्क्रीनला बोट लावून म्हणाली, "ही तुया बाबाची खाट. ही माही. अन् ही तुही. कठड्यापासून लांब, तू झोपेत लोळत होती म्हून."

अगदी तसंच असायचं.

"आणि ही मधली?" मी विचारलं. कारण आम्ही तिघंच होतो, कायम तिघंच.

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग अगदी हळू म्हणाली, "सुजाताची."

"कोण सुजाता?"

"तुही बहीण वं. तुह्या आधीची. एकच उन्हाळा पाह्यला तिनं. खाटेवरून पडल म्हून दोघांच्या मधात पाट ठेवून त्यावर गोधडी टाकत होतो... ताप आला, अन् दोन दिसांत गेली. तुये बाबा म्हनले, पिंकीले नको सांगू, लेकरू भिऊन राहील. मंग नाहीच सांगितलं. त्यायनंही तिचं नाव नाही घेतलं पुन्हा, अन् मलेही घेऊ नाही दिलं."

मी म्हणाले, "आई... ते नाणं घे ना."

"नाही. राहू दे तिच्यापाशी."

तिनं रिमोट मांडीवर ठेवला. बंडू त्या विटेशेजारी नुसता उभा. गेममधली वेळ संपत आली, संगीत भरभर वाजायला लागलं, तरी ती हलली नाही. वेळ संपली. लेव्हल पुन्हा फाटकापासून सुरू झाली.

मी लगेच टाकीवर गेले, खूप उड्या मारल्या. बंडूचं डोकं छताला आपटत राहिलं. एडिटर उघडला, माझी फाइल पाहिली, मूळ गेमची पाहिली. वर काही नाही. फोटो काढायचं त्या वेळी दोघींना सुचलंही नाही.

"कायले शोधून राहिली?" आई म्हणाली. "चाय मांड."

संध्याकाळी भिवापूरच्या मावशीला फोन केला. सुजाताचं नाव काढताच तिनं विचारलं, "तुले कोनी सांगितलं वं?" मग रडायलाच लागली. "सावळी होती. केस कुरळे, तुह्यासारखे."

लेव्हल बनवणाऱ्या काही ओळखीच्यांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या गेममध्ये कधी-कधी मेमरीत उरलेला जुना कचरा स्क्रीनवर दिसतो. असेलही. पण कचऱ्याला आमच्या खाटा कशा माहीत? जी गोष्ट मलाच ठाऊक नव्हती ती माझ्या हातून चुकून बनली, असंही म्हणता येत नाही. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी मनापासून वाचेन.

आई आता गॅलरीत फार बसत नाही. सुजाताबद्दल बोलते. ती कशी हसायची, बाबा तिला खांद्यावर घेऊन दुकानात कसे जायचे. परवा खाली बागेत नव्या शेजारणीनं तिला विचारलं, "काकू, लेकरं किती तुम्हाले?"

मी शेजारीच होते. आई क्षणभरही थांबली नाही.

"दोन पोरी," ती म्हणाली.