बाणकोटच्या खाडीतली मुशी

माझी बायको बाळंतपणात गेली. पोर पोटातच राहिलं. त्याच वर्षीच्या भातकापणीनंतरची ही गोष्ट. उमरठजवळच्या आमच्या वाडीवर मी काम करायचो, जेवायचो, निजायचो. कोणी बोललं तर उत्तर द्यायचो.

तिचा धाकटा भाऊ मुंबईला एका गोऱ्या साहेबाकडे नोकरीला होता. साहेबाला मुशी, म्हणजे त्याच्या भाषेत शार्क, असले मोठे मासे गळाने धरायचा षोक. तो बाणकोटला येणार, सामान उचलायला माणूस हवा, असं सांगून मेव्हणा मला घेऊन गेला. मला घरातून हलवायचं, हेच त्याच्या मनात असावं.

महाडहून बैलगाडीने दासगाव, तिथून लाँचने खाडीच्या तोंडाशी. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. पाहिला, एवढंच.

सकाळी होडी काढली. साहेबाने गळाला बांगडा लावला. बराच वेळ काही नाही. मग गळाची काठी एकदम वाकली, दोरी सरसर सुटली आणि तोल जाऊन साहेब होडीतच आपटला, खांदा दुखावला. काठी त्याने माझ्या हातात कोंबली. मी पाय रोवून बसलो. साहेब सांगेल तसं मेव्हणा मला सांगत होता, आता सोडा, आता ओढा. दोरीने तळवा कापला होता, तेही त्यानेच मला दाखवलं.

ऊन कलल्यावर मुशी वर आली. माणसाएवढी लांब, करडी. होडी हाकणाऱ्या तांडेलाने तिच्या डोक्यात सोटा घातला आणि किनाऱ्यावर आणून पोट फाडलं. आत पिल्लं होती, पुरती वाढलेली. दोन हलत होती. साहेब फोटोच्या गडबडीत होता. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मी ती दोन उचलली, पाण्यात शिरलो आणि सोडली. एक उलटं होऊन तरंगलं. दुसरं पोहत निघून गेलं.

"दाजी, भायेर या. पानी चढतंय," मेव्हणा काठावरून ओरडला.

मी कमरेएवढ्या पाण्यात होतो. विचारलं, "तुझ्या बहिणीचं पोर असं काढलं असतं, तर जगलं असतं का रे?"

तो आत आला, माझा दंड धरला. "ठाव नाय, दाजी."

मग त्याने मला बाहेर आणलं.

संध्याकाळी तांडेलाच्या घरी मुशीचं कालवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं. मीठ कमी आहे, हे कुणी न विचारता मीच बोललो.