गच्चीवर कुरडया घालणारी बाई

माझं माहेर विकायला काढलंय, हे मला नणंदेकडून कळलं. माहेरच्या माणसाकडून नाही, सासरच्या माणसाकडून. पुण्याच्या नणंदेनं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनी, हे तुमचं कोरेगावचं घर ना? विकताय होय?" मी इथं सांगलीत मेथी निवडत बसले होते. मेथी तशीच राहिली.

व्हिडिओ देखणा होता, खोटं कशाला बोलू. मागं बासरी वाजत होती. आधी जरंडेश्वराचा डोंगर, मग उसाची हिरवी शेतं, मग ड्रोन हळूहळू उतरत आमच्या गच्चीवर. गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया मांडलेल्या आणि त्यांच्या मधोमध हिरव्या साडीतली एक जाडजूड बाई, पदर खोचून, वर बघून हात हलवतेय. ती मी. आणि माझ्या डोक्यावर अक्षरं उमटली: 'ऐसपैस गच्ची, भरपूर ऊन, सुखी कुटुंबासाठी आदर्श घर. विकणे आहे.'

मग मागचं एकेक उलगडत गेलं.

उन्हाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला होता. "आक्का, औंदा वाळवणं हितंच घाल की. तुज्या फ्लॅटात कुठं ऊन येतंय? आपली गच्ची मोकळीच हाय." आई-वडील गेल्यापासून त्यानं आपणहून कधी ये म्हटलं नव्हतं. दिवाळीला मीच जायची, भाऊबीज उरकून संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यामुळं त्या फोननं मी अगदी हुरळून गेले. गहू, आईचा पितळी सोऱ्या, मोठं पातेलं, असा सगळा लवाजमा घेऊन निघाले. नवरा म्हणाला, "आजच एवढं प्रेम कसं उतू चाललंय?" मी त्याच्यावर फणकारले. म्हटलं, तुम्हाला माझ्या माहेरचं चांगलं कधी बघवतच नाही. आता बोला.

घराला नवा रंग दिलेला. गच्चीवरची मोडकी खाट, फुटकी टाकी, सगळी अडगळ गायब. भावजय 'वन्सं, वन्सं' करत मागं-पुढं करत होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गहू भिजवले, वाटले, चीक शिजवला आणि सकाळी कुरडया घालायला बसले, तर डोक्यावर घों घों करत ते यंत्र आलं. भाऊ म्हणाला, "जत्रंच्या शूटिंगला ड्रोनवाला बोलावलाय. म्हटलं आपलं बी घर घे, आठवण ऱ्हाईल." ड्रोनवाला खाली अंगणातून ओरडला, "मावशी, काम करत राहा. आणि एकदा वर बघून हात करा." मी केला. हसून केला. जन्मात माझा कुणी व्हिडिओ काढला नव्हता.

आठवण म्हणे. साडीच्या दुकानात काचेमागं बाहुली उभी करतात, तसं त्यानं मला गच्चीवर उभं केलं होतं. आणि मी मेली पदरचे गहू घेऊन गेले होते.

वडील मिलिटरीतून पेन्शनीवर आले आणि त्यांनी हे घर बांधलं. स्लॅब टाकला तेव्हा मी शाळेत होते, भाऊ रांगत होता. स्लॅबवर मातीची आळी करून त्यांत पाणी भरायचं काम माझं. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर, आडावरून कळश्या आणायच्या. वडील म्हणायचे, "पाण्याला चुकलीस तर जन्मभर गळंल." चुकले नाही. पुढं वडील गेल्यावर भावानं हक्कसोडीचं काढलं, तेव्हाही मी हिस्सा मागितला नाही. त्यानं पाया पडून सांगितलं होतं, "आक्का, सही कर. घर माज्या नावावर आसलं तरी माहेर तुजंच." मला तेवढंच हवं होतं. जिथं जायला कुणाला विचारावं लागत नाही, असं एक दार.

व्हिडिओ बघून मी त्याला फोन लावला. म्हटलं, विकायचं होतं तर सांगायचं तरी.

"सांगनारच हुतो की." मग म्हणाला, "आनि तुला इचारायचं तरी काय, आक्का? तुजं नाव कुठाय त्यात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, निदान मला तरी त्या व्हिडिओतून काढ. तर म्हणतो, "एजंट न्हाई म्हनतोय. तेवढाच तुकडा बघून लोकं फोन करत्यात."

मी कुणाला न कळवता कोरेगाव गाठलं. भांडायलाच गेले होते. एसटीत बसून काय काय बोलायचं ते घोकलंही होतं. पण अंगणात साताऱ्याचं एक जोडपं घर बघायला आलेलं. त्यातली बाई मला बघून हरखली. "अय्या, तुम्ही त्या कुरडयावाल्या ना? तुमचंच का हे घर?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "न्हाई न्हाई. त्या पावण्या हायत, सांगलीच्या."

घोकलेलं एकही वाक्य आठवेना. पाहुणी. ज्या दारासाठी सही केली, त्या दारात उभं राहून ऐकलं ते.

तिच्या नवऱ्याला वेगळीच काळजी. म्हणाला, "घर आवडलंय, पण स्लॅब जुना आहे. पावसाळ्यात गळत असेल." भावाला विचारण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होतं. माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही पाहुण्या. तुम्ही खरं सांगाल."

भावाचा चेहरा उतरला. माझा एक शब्द पुरला असता. गळतो म्हटलं असतं, तर दोघं गाडीत बसून निघून गेली असती. जिभेवर आलाही होता तो शब्द. पण वडिलांच्या स्लॅबला गळका म्हणायला जीभ वळेना.

"नाही गळत," मी म्हटलं. "एक थेंब नाही. मी पाणी मारलंय त्याला."

चहा न घेता परत फिरले. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला, आवाज गुळासारखा गोड. "आक्का, इसार आला. तुज्यामुळं जमलं बघ." मग म्हणाला, "तुला माहेरची साडी घेतलीया, काठापदराची. जागा सोडली की न्यायला ये."

"कुठं येऊ रं?" मी विचारलं.