डोक्यावरचा एकच पंखा

धाकट्या भावजींनी शेतात औषध फवारायला ड्रोन आणलाय. त्याचे चार छोटे पंखे भिरभिरतात. मी भीतभीत विचारलं, "भावजी, मग हेलिकॉप्टरच्या डोक्यावर एकच का हो?"

"वहिनी, छोटी पाती क्षणात वेग बदलतात, म्हणून चौघांचा तोल जमतो. मोठी पाती जड, ती लगेच ऐकत नाहीत. वजन वाढलं की एकच मोठा पंखा बरा."

मनात आमचंच घर आलं. सणाच्या पोळ्या लाटायला आम्ही चौघी जावा असतो. सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हापासून त्यांचं सगळं करायला मात्र मी एकटी. पंख्याला निदान इंजिन तरी असतं.

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "कोण आहे का गं?"

त्यांच्याच पोटचे भावजी ड्रोनचं पातं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, आई बोलावतेय."