मावशीचा दुसरा आवाज

माझी मावशी बस स्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते. बावीस वर्षांपूर्वी तिथं सूचना देणारं यंत्र बसवलं, तेव्हा साहेबांनी तिलाच माइकसमोर उभं केलं. गावांची नावं, एक ते शंभर आकडे, 'कृपया लक्ष द्या' असं सगळं ती दोन दिवस वाचत होती. रेकॉर्डिंगवाल्यानं ते आकडे पुढं आणखी कुणाकुणाला विकले, याचा तिला पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी तिच्या जिभेच्या कडेला फोड आला. उष्णता झाली असेल म्हणून तिनं सोडून दिलं. औषधाच्या दुकानातून लावायचं मलम आणलं, नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काका म्हणायचे, हिचं तोंड आता जेवणापुरतंच उघडतं, माझे बरे दिवस आले. तीही हसायची. पुढं तो फोड झोंबेनासा झाला. गेला मात्र नाही. दुखत नाही म्हणजे बरा होतोय, असं धरून तिनं तीन महिने काढले.

शेवटी मीच तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक टोकदार दाढ घासून दिली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. तेव्हा मात्र त्यांनी जीभ बोटांनी नीट चाचपली. मग मोठ्या दवाखान्याच्या मुखरोग विभागाच्या नावानं चिठ्ठी लिहिली.

"दोन-तीन आठवड्यांत फोड गेला नाही की दाखवायचं," ते म्हणाले. "दुखो, न दुखो."

त्या विभागाबाहेर लांबलचक बोळ होता. बाकांवर तीसेक माणसं, बहुतेकांच्या तोंडावर रुमाल. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भिंतीवरच्या पेटीतून नंबर पुकारले जात होते.

"क्रमांक एकोणचाळीस."

मावशीनं माझा दंड घट्ट धरला. आवाज तिचाच होता. तिशीतला, खणखणीत, 'ळ'वर किंचित रेंगाळणारा.

आमचा नंबर त्रेचाळीस. त्या आवाजासरशी एकेक जण उठून दाराआड जात होता. बाहेर पडायची वाट दुसरीकडून असावी, कारण परत येताना कुणीच दिसत नव्हतं. त्रेचाळीस पुकारला. मावशी हलेना. पुन्हा पुकारला, त्याच गोडव्यानं.

"ती बोलावतेय म्हणून मी जाणार नाही," मावशी रुमालाआडून म्हणाली. "तू म्हण."

"मावशी, चल," मी म्हणाले. मग ती उठली.

तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला, पण लहान, कडेपुरता. महिन्याभरात जिभेची तेवढी कड काढली. पुढचे तीन आठवडे बोलायची बंदी, त्यामुळे मावशी पाटीवर लिहायची. त्या दिवसांत काका रोज दुपारी कुठंतरी जायचे. मी खोदून विचारल्यावर त्यांनी खालमानेनं सांगितलं, की स्थानकावर जाऊन बसतो.

"घरात ही पाटी पुसत असते आणि तिथं ती बोलत असते," ते म्हणाले. "परवा 'कृपया लक्ष द्या' म्हणाली, तर मी 'हो, देतो' म्हणालो. शेजारचा माणूस उठून लांब जाऊन बसला."

मावशीला हे कळलं तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, 'तिच्याकडे जाऊ नका.' अक्षर मोठं होतं. काका गेले नाहीत.

बोलायला ती नव्यानं शिकली. 'र' अजून सुटा येत नाही, बोलणं जरा जड झालंय, पण कळतं. दर काही महिन्यांनी तपासणीला जाते आणि माझ्याबरोबरच आत शिरते. कामावरही रुजू झाली.

मागच्या आठवड्यात स्थानकातला एक हमाल खिडकीशी पाणी मागायला आला. घोट घेताना मान एका बाजूला कलती करत होता. मावशीनं विचारलं, तर म्हणाला, गालात आतून काहीतरी आहे, दीडेक महिना झाला, पण दुखत नाही.

मावशीनं खिडकी लावली, पर्स उचलली आणि त्याला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे निघाली.