भोंग्यानं निवडलेला माईक

भोंगा हे नाव त्याला मित्रांनी दिलं होतं आणि ते त्याला शोभायचंही. सभा-समारंभांना लाऊडस्पीकर भाड्यानं देण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे घरात चहा मागायचा तरी मैदानातल्या सभेपुढे बोलल्यासारखा. माईकच्या बाबतीत तर तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

बायकोच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा बोलली ती बायकोच. आवाज तेव्हाच बसत चालला होता. "अहो, लेकीचं बाळ यायचंय. माझी अंगाई तेवढी रेकॉर्ड करून ठेवा." अंगाई तिनंच जुळवलेली, लेकीला जोजवता जोजवता. दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती.

खोली पत्र्याच्या कारखान्यावर. दिवसभर खाली ठोकाठोक, कारखाना थांबला की रस्त्यावर ट्रक. जिना उतरून दुसरीकडे जायचं त्राण तिच्यात नव्हतं. फोनवर भरून पाहिलं, तर अंगाई कमी आणि हातोडेच जास्त.

मग भोंग्यानं नवा माईक घ्यायला दुकान गाठलं. दुकानदारानं दोन तऱ्हेचे माईक पुढे ठेवले. "हा कंडेन्सर. बारीक आवाजही टिपतो, पण तुमचे हातोडेसुद्धा टिपेल. हा डायनॅमिक. तोंडाजवळचं घेतो, लांबचं फारसं घेत नाही. पण दादा, याला आवाज दमदार लागतो. गाणार कोण?"

"मला शिकवतोस का रे?" म्हणत भोंग्यानं तीन डायनॅमिक उचलले आणि छाती फुगवून एकेकात बोलून पाहिलं. एकात आवाज नाकातून आल्यासारखा वाटला, दुसरा कानाला टोचला. तिसऱ्यात त्याचा आवाज असा भरदार घुमला, की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. स्वारी खूश! जन्मभर माईक स्वतःच्या गळ्यानं पारखले, हाही तसाच पारखला. गाणारा गळा कुणाचा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

घरी बायको पलंगाच्या कडेला बसली आणि माईक ओठांना लावून गायली. हातोडे खरंच दूर गेले, पण त्यांच्याबरोबर तीही गेली. त्यानं आवाज वाढवला, तर नुसती खरखर वाढली.

"अगं, मोठ्यानं म्हण की!"

ती पुन्हा गायली.

"अजून जरा मोठ्यानं. पोटातून काढ!"

ती गात राहिली, खोकत राहिली, पाणी पिऊन पुन्हा गात राहिली. शेवटी तिनं हात हलवून पुरे म्हटलं.

"उद्या दुसरा बदलून आणतो," तो म्हणाला. आणलाही. पण सकाळपासून तिच्या तोंडून वाऱ्याखेरीज काही फुटत नव्हतं. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

बाळ झाल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, आईची अंगाई पाठवा ना."

त्यानं बायकोला शेजारी बसवून ते रेकॉर्डिंग लावलं. अंगाईचा एक शब्द धड कळत नव्हता. स्वच्छ, खणखणीत ऐकू येत होता तो त्याचाच आवाज, मोठ्यानं म्हण, मोठ्यानं म्हण. लाजेनं त्यानं आपली एकेक ओरड कापून टाकली. मागे खरखर तेवढी उरली.

तिनं दोन शब्द सुनावले असते, तर त्याचा जीव हलका झाला असता. ती नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.