झडपेची टिकटिक

"पोर म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे, लोकांना टोले ऐकवायला?" सासूनं विचारलं. प्रश्न सुनेला होता, पण बघत होती ती आपल्या मुलाकडे.

"आई, त्या संस्थेनं ऑपरेशन केलं म्हणून बबी आज तुमच्या मांडीवर लोळतेय. अजून कितीतरी मुलं वाट बघताहेत. एक संध्याकाळ द्यायची तर तुमचं तोंड वाकडं!"

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे."

मुलगा भाकरी मोडत होता. तो साउंडवाला. लग्न असो की सभा, माइक आणि स्पीकर लावायचे आणि कोपऱ्यात बसून राहायचं. त्याच्याकडे कोणाचं लक्ष जायचं ते फक्त माइक किंचाळला तर. एरवी वर कोणीही बोलत असो, खाली लोक चमचे वाजवत राहायचे.

बबीच्या हृदयात धातूची झडप बसवल्यापासून घरात एक बारीक टिकटिक राहायला आली होती. सुरुवातीला तिनं सगळे दचकून जागे व्हायचे, आता तिच्याशिवाय कोणाचा डोळा लागत नसे. उद्या तशाच आजारी मुलांच्या मदतीसाठी संस्थेनं मोठ्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. साउंड त्याचाच होता. "तुमच्या मुलीच्या छातीशी माइक लावला तर?" संस्थेच्या बाई म्हणाल्या होत्या. "लोकांचे हात आपोआप खिशाकडे जातील."

तेव्हापासून तो जमिनीवर नव्हता. भाकरी मोडतानाही त्याला हॉल दिसायचा. पांढरी टेबलं, मंद दिवे, आणि सगळं त्या टिकटिकीत हळूहळू बुडत चाललेलं. पाण्यात मासे थबकावेत तसे हातातले चमचे थबकलेले.

"अहो, बोला की! मूग गिळलेत का?"

"आधी ऐकून तर बघू," तो म्हणाला.

त्यानं बबीच्या फ्रॉकला छोटा माइक अडकवला, स्पीकर कपाटावर ठेवला आणि आवाज वाढवला.

टिक. टिक. आवाज भांड्यांवरून, पडद्यावरून, वाळत घातलेल्या कपड्यांतून सावकाश फिरू लागला. भिंती आत-बाहेर होताहेत असं वाटलं. सुनेच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"अगं बाई," आजी पुटपुटली, "एवढ्याशा छातीत एवढं मोठं?"

बबी खुदकन हसली.

"उद्या येशील ना बबी?" आईनं डोळे पुसत विचारलं. "नवा फ्रॉक घालून सगळ्यांपुढे उभं राहायचं."

"येईन की," बबी म्हणाली. चेहरा अगदी शहाण्यासारखा.

पण कपाटावरचा स्पीकर धावत सुटला.

"घाबरलीस का गं?"

"नाही."

टिकटिक आणखी जोरात पळाली. चोरी पकडली गेल्यासारखे बबीनं दोन्ही हात छातीवर दाबले. त्यासरशी माइकवर धप्प झालं आणि तिची बोटं घर दणाणून सोडत खरखरू लागली. असा आवाज त्याला आजवर कुठल्या हॉलमध्ये मिळाला नव्हता. उद्या एकही चमचा वाजला नसता, हे त्याला पक्कं कळलं.

त्यानं बटण खाली केलं. माइक काढताना तिच्या छातीपाशी वाकला, तेव्हा ती टिकटिक पुन्हा एवढीशी झाली होती.

"उद्या साउंड लावायला मी जाणार," वायर गुंडाळत तो म्हणाला. "बबी घरी राहील. बाईंना आत्ताच फोन करतो."